वर पाहुणे आहेत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीरा आपलं घर रिकामं करायची आणि त्याच घराच्या तळघरात राहायला जायची. स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या ब्लेकसुंड गावातल्या सगळ्याच बायका जायच्या, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शाळांना सुट्टी लागली की गोथेनबर्गहून बोटी भरभरून पाहुणे येत. त्यांना समुद्रात डुंबायचं असे, आणि भाडं देऊन राहायला वरच्या खोल्या, काचेचा व्हरांडा आणि कपाटातल्या चांगल्या कपबश्या लागत. घरचे लोक खाली. ऑगस्टच्या मध्यावर पाहुणे गेले की पुन्हा वर.

खाली जाण्याआधी तीरा आठवडाभर गुडघ्यांवर असायची. वरच्या फळ्या मऊ साबणानं पांढऱ्याफटक होईतो घासायची, पडद्यांना खळ करायची, भिंतीवरचे घरच्या माणसांचे फोटो काढून पेटीत ठेवायची. पाहुण्यांना आपली मेलेली माणसं कशाला दाखवायची? मग अंथरुणं, स्टोव्ह, कॉफीची किटली आणि बायबल खाली न्यायची. तळघर कातळाला टेकून होतं. मागच्या भिंतीला बाराही महिने ओल असे आणि पुढे जमिनीलगत एक बुटकी खिडकी होती, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसत.

खाली राहायची एक रीत होती, तीराला ती आईनं शिकवली होती. मोजे घालून चालायचं. भांड्यावर झाकण ठेवताना मध्ये बोट घालायचं, म्हणजे खण्ण होत नाही. शिंक आली तर उशीत द्यायची. भांडायचं असेल तर होडीत बसून भांडायचं. तीराची मुलगी गुनवोर चार वर्षांची असताना पायरीवरून पडली, दात ओठात घुसला, रक्ताची धार लागली, पण पोरीनं तोंडातून आवाज काढला नाही. नुसतं वर बोट दाखवून म्हणाली, "पाहुणे." ही गोष्ट तीरा वर्षानुवर्षं कौतुकानं सांगायची. गुनवोरला मोठेपणी ती ऐकवत नसे.

एकेचाळीस सालापासून तीराकडे व्हिडेग्रेन कुटुंब यायचं. साहेब दातांचे डॉक्टर, बाई गोऱ्यापान, हसऱ्या, दोन मुली आणि एक मोलकरीण. दर वर्षी निघताना व्हिडेग्रेनबाई धक्क्यावर तीराचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणायच्या, "तीरा, तुम्ही खाली राहता हे आम्हाला कळतसुद्धा नाही हो!"

हे वाक्य तीरा हिवाळाभर पुरवून वापरायची. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठंही.

"आमच्या पाहुण्यांना मात्र कळतं," शेजारची आल्फहिल्ड म्हणायची. तिचं तोंड तिच्या सुरीसारखं होतं, सुरीनं ती दिवसाला दोनशे हेरिंग मासे साफ करायची. "मागच्या उन्हाळ्यात माझ्या घोरण्यावर प्राध्यापकांनी चिठ्ठी पाठवली. किती अदबीनं लिहिली होती म्हणून सांगू! मी जपून ठेवलीये. मला आलेलं तेवढंच एक प्रेमपत्र."

ब्लेकसुंडमध्ये कुणी कुणाकडे काही मागत नसे. गाव गरीब होतं म्हणून नव्हे. मागायची वेळच येऊ द्यायची नाही, असं तिथलं वळण होतं. तीरा नऊ वर्षांची असताना तिचा बाप बुडाला. त्यानंतर दर शनिवारी सकाळी दाराच्या कडीला मासळीची जुडी लटकलेली असायची. कधी कॉड, कधी बांगडे, दोरीत ओवलेले. कोण लटकवतं ते तिला कधीच कळलं नाही. पायरीवर पावलं वाजली की आई तिला खिडकीपासून बाजूला ओढायची. "बघू नकोस. त्याला संकोच होतो." आभार मानायचे नसत, कारण मागितलेलंच नसे. ज्याला दिसतं तो देतो, एवढंच. आणि दिसायचंही सगळ्यांना. चाळीस घरं एका कातळावर दाटीवाटीनं बसलेली. कुणाच्या धुराड्यातून धूर निघाला नाही, कुणाच्या दोरीवर पोरांचे कपडे कमी झाले, ते दुपारपर्यंत गावभर कळलेलं असे.

तीरानं अशा गावात चोपन्न वर्षं काढली होती. शिंपल्या फोडून गळांना आमिष लावता लावता तिच्या बोटांना पीळ पडले होते. हिल्मरशी लग्न झालं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. हिल्मर उंच, हळू बोलणारा, भाऊ एवाल्डबरोबर 'तेर्नान' नावाच्या बोटीत अर्ध्या वाट्याचा मालक. एप्रिलमध्ये बोट शेटलंडच्या बाजूला कॉड धरायला जायची आणि ऑगस्टमध्ये यायची. म्हणजे उन्हाळाभर हिल्मर घरी नसेच. व्हिडेग्रेन मंडळींनी त्याला चौदा वर्षांत चार-पाच वेळा पाहिलं असेल, तेही पाठमोरं, पेटी खांद्यावर घेऊन धक्क्यावरून तळघराकडे जाताना.

लग्नाच्या वर्षी हिल्मरनं एक काम केलं होतं. वरच्या झोपायच्या खोलीची खिडकी तोडून त्यानं ती दुप्पट रुंद केली. त्या खिडकीतून दोन खडकांमधलं सुंडाचं, म्हणजे चिंचोळ्या सामुद्रधुनीचं, तोंड दिसायचं. गावात येणारी प्रत्येक बोट तिथूनच आत वळायची. "पलंगावरूनच दिसेन मी तुला," तो म्हणाला होता. त्याचा बाप सांगे की एवढी मोठी काच वाऱ्यात टिकायची नाही. ती टिकली.

चोपन्न सालच्या मार्चमध्ये हिल्मरच्या पोटात अन्न ठरेना. शहरातल्या इस्पितळात त्याचं पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. परिचारिका सिस्टर एबा सायकलीवरून यायची. तिनं तीराला विहिरीजवळ गाठून सांगितलं.

"मी फिरवून बोलत नाही, तीरा. सप्टेंबर काही तो बघत नाही."

"उन्हाळा?"

"उन्हाळ्यातच."

त्या रविवारी तीरा कागद घेऊन बसली. यंदा जमणार नाही, घरात आजारपण आहे, असं व्हिडेग्रेनबाईंना कळवायचं होतं. तीन वेळा 'सप्रेम नमस्कार' लिहून झाला. पुढं सरकेना. आजारपण आहे असं लिहायचं म्हणजे दया मागितल्यासारखं. तेवढ्यात सोमवारच्या टपालानं बाईंचंच पत्र आलं. धाकट्या उलाची हिवाळ्यात छाती धरली होती, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती. 'आमची सारी भिस्त तुमच्यावर आहे,' बाईंनी लिहिलं होतं.

तीरानं पत्र हिल्मरला वाचून दाखवलं.

"मग लिहून टाक, या म्हणून," तो म्हणाला. "पोर आहे."

"आणि तू?"

"माझं काय! मी कधी घर चालवलंय उन्हाळ्यात? मी समुद्रावर आहे असं समजायचं."

जूनमध्ये तो आपल्या पायांनी खाली गेला. बाहेरच्या दगडी जिन्यावर तीन वेळा टेकला, पण कुणाला हात लावू दिला नाही. तीरानं त्याची खाट बुटक्या खिडकीखाली लावली.

आरंभी बरं चाललं. हिल्मरनं पायांवरून माणसं ओळखायचा खेळ काढला.

"ही आल्फहिल्ड. उजवी टाच बाहेरून झिजलेली. रागात चालते त्यामुळे."

"ती कायमच रागात असते."

"हे पाद्रीबुवा. बघ, डबक्याला वळसा. आणि हे तुझे साहेब. पांढरे बूट घालून कातळावर! माणूस आहे का बगळा?"

तीरा तोंडावर हात दाबून हसायची. तोही हसायचा, आणि हसता हसता त्याला खोकला यायचा. मग तो उशाखालचा टॉवेल तोंडात कोंबायचा. टॉवेल त्यानं स्वतःच मागून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात. खोकला पोटापासून यायचा, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या व्हायच्या, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि आवाज मात्र नाही. तीरा त्याची पाठ चोळायची आणि वर छताकडे बघायची. छतापलीकडे खुर्च्या सरकत, उला पेटी वाजवायला शिके, एकच तुकडा पुन्हा पुन्हा.

एकदा व्हिडेग्रेनबाई पायरीवर भेटल्या. "तुमचे मिस्टर यंदा घरीच आहेत वाटतं?"

"हो. पाठ धरलीये जरा."

"अरेरे! पाठीचं दुखणं फार वाईट हो. आमच्या ह्यांना सारखं वाकावं लागतं ना." आणि त्या छत्री उघडून डुंबायला गेल्या.

जुलैच्या शेवटी हिल्मर उठून बसेनासा झाला. पायांचा खेळ थांबला. शेटलंडहून बोटी यायची वेळ जवळ आली होती. एका दुपारी तीरा त्याचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होती, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला,

"तीरा, दोन दिवस वर नाही का झोपता येणार? तेर्नान येईल तेव्हा."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. ह्या माणसानं तिच्याजवळ मिठाचं भांडंसुद्धा मागितलं नव्हतं, उठून स्वतः घ्यायचा. तीराच्या हातातलं फडकं थांबलं.

"पंधरा तारखेला जातात ना ते," ती म्हणाली. "पंधराला लगेच नेते तुला वर. पडदेही बदलते."

"हो. मग पंधराला," हिल्मर म्हणाला. पुन्हा त्यानं ते काढलं नाही.

रविवारी गुनवोर आली. ती समोरच्या किनाऱ्यावर मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला होती, दर रविवारी यायची. बापाला बघून ती स्टोव्हशी गेली आणि आईचा दंड धरला.

"तो पंधरापर्यंत टिकणार नाही."

"तुला काय कळतंय?"

"माझ्या डोळ्यांना दिसतंय. वर जा आणि सांग त्यांना."

"काय सांगू?"

"की माझा नवरा मरतोय, त्याला त्याच्या पलंगावर मरू द्या. एवढंच वाक्य आहे, आई."

"हळू बोल."

"हळूच बोलतेय! जन्मल्यापासून हळूच बोलतेय मी!" गुनवोर कुजबुजतच ओरडली, तसं ओरडायची कला त्या घरात सगळ्यांना होती. "तुला जमत नसेल तर मी जाते."

"खबरदार. आजारी पोरीला घेऊन आलेत ते. पंधरापर्यंतचा शब्द दिलाय."

"शब्द बाबानं दिलेला नाही."

"दिलाय. विचार त्याला."

गुनवोरनं वळून पाहिलं. हिल्मरचे डोळे मिटलेले होते, पण जागा होता हे दोघींना कळत होतं. त्यानं हात थोडा उचलून जाऊ दे, जाऊ दे असा हलवला. तो हात कुणासाठी हलला, मुलीसाठी की बायकोसाठी, ह्यावर पुढं दोघींचं कधीच एकमत झालं नाही.

पण सोमवारी तीरा खरंच वर गेली. सकाळी उठून तिनं वेलदोड्याचे पाव भाजले. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसलं नसतं. धुतलेला ॲप्रन बांधला, पाव ताटात रचले, वर फडकं घातलं, आणि बाहेरचा जिना चढली. चढताना ती वाक्य पाठ करत होती. गुनवोरचं नव्हे, आपलं. 'बाई, एक विचारायचं होतं. हिल्मरला बरं नाही. दोन दिवस झोपायची खोली मिळाली तर.' 'तर' च्या पुढं काय म्हणायचं ते तिला सुचत नव्हतं.

व्हिडेग्रेनबाई व्हरांड्यात पत्रं लिहीत होत्या. समोर उला आरामखुर्चीत, गालांवर रंग आलेला.

"तीरा! हे काय, पाव! अहो, कशाला एवढा त्रास? उला, बघ कोण आलंय. आत्ताच तुमच्याबद्दलच लिहीत होते बहिणीला. ऐका हं." बाईंनी चष्मा नीट केला. "'घरमालकीण इतकी समजूतदार आहे की चौदा वर्षांत तिला एकदाही काही सांगावं लागलं नाही. ती खाली आहे हे आपल्याला कळतसुद्धा नाही.' खरं की नाही? बसा ना. काही काम होतं का?"

तीरा उभीच होती. उघड्या दारातून तिला झोपायची खोली दिसली. पलंगावर उलाच्या बाहुल्या, उशाशी औषधाची बाटली. पलीकडे खिडकी, आणि खिडकीत अख्खं सुंड.

"नाही," ती म्हणाली. "पाव गरम आहेत तोवर खा, एवढंच."

"तुम्ही म्हणजे ना!" बाई म्हणाल्या.

खाली आल्यावर हिल्मरनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तीरानं ॲप्रन सोडून खिळ्याला लावला. "पाव आवडले त्यांना," ती म्हणाली. त्यानं मान हलवली.

गुरुवारी दुपारी तेर्नान आली.

आधी आवाज आला. जुन्या इंजिनांचे आवाज माणसांच्या आवाजासारखे वेगळे असत, आणि तेर्नानचं इंजिन दर पाचव्या ठोक्याला अडखळायचं, ते अडखळणं हिल्मरनं तीस वर्षं दुरुस्त केलं नव्हतं. तीरा स्टोव्हशी होती. तिच्या आधी त्याला ऐकू आलं. दोन दिवस तो पाण्याचा घोटही घेत नव्हता. त्यानं कोपर टेकलं, अर्धा उठला, आणि समुद्रावर बोलायच्या आवाजात, एका बोटीवरून दुसरीवर हाक मारावी तसा ओरडला,

"तेर्नान! एवाल्ड!"

भिंती दणाणल्या. उन्हाळ्यात त्या तळघरात असा आवाज कधी निघाला नव्हता. वर पेटीचे सूर थांबले. खुर्ची सरकली.

तीरा धावली. तिचा तळवा त्याच्या तोंडावर गेला, आणि तिच्या तोंडातून शब्द गेले. विचार करून नव्हे. आईनं तिला शिकवले होते, तिनं गुनवोरला शिकवले होते, ते आपसूक निघाले.

"हळू! वर पाहुणे आहेत."

हिल्मरनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. लहान मूल चूक कळल्यावर बघतं, तसं. तो उशीवर मागं टेकला आणि तिनं हात काढल्यावरही त्यानं ओठ मिटलेलेच ठेवले. बाहेर इंजिन दुडदुडत धक्क्याकडे गेलं, दोर पडल्याचे आवाज आले, कुणीतरी हसलं. बुटक्या खिडकीतून पोरांचे अनवाणी पाय धावताना दिसले. वर पेटी पुन्हा सुरू झाली, तोच तुकडा.

"एवाल्ड येईलच आता भेटायला," तीरा त्याचा हात धरून म्हणाली. "सगळं सांगेल तुला. हिल्मर? ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता. एवाल्ड आला, डांबर आणि मासळीच्या वासासकट खाटेशी गुडघ्यांवर बसला, मासळी किती पडली ते सांगितलं, वादळ सांगितलं. हिल्मर त्याच्याकडे बघत राहिला. बोलला नाही. रात्र तशीच गेली. शुक्रवारी सकाळी सातच्या सुमाराला, वर मोलकरीण कॉफी दळत असताना, त्याचा श्वास थांबला. टॉवेल त्याच्या मुठीत होता.

त्या गावात माणूस गेलं की घराच्या खिडक्यांना आतून पांढऱ्या चादरी लावत, आणि दारापुढं स्प्रूस झाडाच्या बारीक तोडलेल्या डहाळ्या पसरत. वरच्या खिडक्या पंधरा तारखेपर्यंत पाहुण्यांच्या होत्या. तीरानं बुटक्या खिडकीला चादर लावली. ती खिडकी एवढी छोटी, की उशीचा अभ्रा पुरला.

आल्फहिल्ड डहाळ्यांची टोपली घेऊन आली. अभ्र्याकडे बघून उभी राहिली.

"वर सांगितलंस?"

"नाश्ता व्हायचाय त्यांचा."

आल्फहिल्डनं टोपली खाली ठेवली. गुडघ्यांवर बसून ती पायरीशी डहाळ्या पसरायला लागली.

शेवटी सांगितलं ते उलानं. पोर डुंबायला निघाली होती, पायरीशी हिरव्या डहाळ्या बघून मोलकरणीला विचारायला गेली, मोलकरीण किनाऱ्यावरचीच होती, तिला डहाळ्यांचा अर्थ ठाऊक होता. पाच मिनिटांत व्हिडेग्रेनबाई खाली आल्या. चौदा उन्हाळ्यांत पहिल्यांदा. दारात त्यांना वाकावं लागलं. त्यांनी ओली भिंत पाहिली, स्टोव्ह पाहिला, खाट पाहिली, मग वर छताकडे पाहिलं. आपल्याच व्हरांड्याच्या फळ्या त्यांना खालून दिसत होत्या, फटींसकट.

"कधीपासून आजारी होते?"

"मार्चपासून."

"मार्च!" बाईंनी दाराची चौकट धरली. "तीरा, तुम्ही सांगितलं का नाही? त्याच दिवशी निघालो असतो आम्ही. त्याच तासाला! उलासाठी दुसरीकडे कुठंही सोय झाली असती. सोमवारी तुम्ही वर आला होतात... पाव घेऊन... तेव्हा..."

"हो," तीरा म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही पाव द्यायला आलात."

बाई रडायला लागल्या. मनापासून, नाक लाल होईतो. तीरा त्यांच्याकडे बघत होती आणि तिला कळत होतं की ही बाई खोटं बोलत नाही. ती खरंच निघाली असती. एक वाक्य पुरलं असतं. चौदा वर्षं तीरा ज्यांना मोठ्या मनाची नाहीत असं धरून चालली होती, ती माणसं मोठ्या मनाची निघाली होती, आणि तिच्या आयुष्यात यापेक्षा वाईट बातमी तिला कुणी दिली नव्हती.

दुपारपर्यंत व्हिडेग्रेन मंडळी पलीकडच्या खानावळीत राहायला गेली. जाताना बाईंनी स्वतः पलंगावर नवी चादर घातली होती आणि उलाच्या बाहुल्यांतली एक चुकून कपाटाखाली राहिली. एवाल्ड आणि बोटीवरच्या तिघांनी हिल्मरला बाहेर आणलं. आतल्या शिडीवरून नेता येत नव्हतं, म्हणून खाटेसकट घराला वळसा घालून दगडी जिन्यावरून चढवलं. ज्या पायऱ्यांवर जूनमध्ये तो तीन वेळा टेकला होता, त्यांवर आता कुणी थांबलं नाही. तो फार हलका झाला होता.

न सांगितल्याबद्दल तीराला कुणी कधी बोल लावला नाही. उलट बायका येऊन सांगून गेल्या, मीही हेच केलं असतं. पुढल्या उन्हाळ्यात व्हिडेग्रेनबाईंचं पत्र आलं, यावं की नाही असं विचारणारं, आणि तीरानं उलटटपाली लिहिलं, या. ती पुन्हा तळघरात गेली. गावानं तोंडात बोटं घातली, गुनवोर दोन वर्षं आईशी बोलली नाही. आल्फहिल्डनं एकदा स्पष्टच विचारलं, कशी राहवते तुला तिथं? तीरा म्हणाली, वर तर मुळीच राहवत नाही. बाई मात्र बदलल्या होत्या. रोज सकाळी खाली येऊन विचारायच्या, काही हवं का, तीरा? काहीही? आणि तीरा रोज सांगायची, नको, सगळं आहे.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारी दुपारी हिल्मर त्याच्या पलंगावर होता, केस ओले करून विंचरलेले, हात छातीवर. आल्फहिल्ड चादरी घेऊन वर आली आणि एकेका खिडकीला लावत गेली. दिवाणखाना झाला, व्हरांडा झाला, स्वयंपाकघर झालं. घर आतून पांढरं, मंद झालं. मग ती झोपायच्या खोलीत आली, खुर्ची ओढून रुंद खिडकीशी तिच्यावर चढली, तोंडात खिळे धरले आणि चादर झटकून उघडली.

"ती नको लावूस," तीरा म्हणाली.

आल्फहिल्डनं खिळे हातात घेतले. "काय?"

"ती खिडकी राहू दे."

"अगं, प्रेताच्या खोलीचीच खिडकी उघडी? धक्क्यावरून दिसेल. पाद्रीबुवा काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू लावू नकोस. मी मागतेय तुझ्याजवळ."

आल्फहिल्ड खुर्चीवर तशीच उभी राहिली. पन्नास वर्षांच्या ओळखीत हा शब्द तिनं तीराच्या तोंडून ऐकला नव्हता. तीरालाही तो आपल्या तोंडात परका वाटला, आणि किती सोपा होता तेही जाणवलं. एक शब्द, जास्त नाही, कमी नाही. सोमवारी ताट घेऊन याच खोलीच्या दारासमोर ती उभी होती तेव्हा एवढंच म्हणायचं होतं.

आल्फहिल्ड खाली उतरली. चादर छातीशी धरून तिनं तिच्या चार घड्या केल्या, मग आठ केल्या, आणि ती घेऊन स्वयंपाकघरात गेली.

बाहेर लख्ख ऊन होतं. धक्क्यावर तेर्नानमधून मासळी उतरत होती, वर सीगल कलकलत होते, आणि एवाल्ड बोटीचा झेंडा अर्ध्यावर आणून दोर बांधत होता. तीरानं खुर्ची पलंगाजवळ घेतली. उशी जरा उंच केली, म्हणजे हिल्मरचं तोंड खिडकीकडे होईल. ते वळेना. मान आखडली होती. तिनं दोन्ही हातांनी हलकेच प्रयत्न केला, मग पुन्हा केला, मग सोडून दिला. तो छताकडे बघत राहिला आणि ती त्याच्या जागी बाहेर बघत राहिली, बोट रिकामी होऊन पाण्यावर उंच येईपर्यंत.